क्राकूफहून झाकोपाने आणि गरम पाण्याची कुंडं : एका दिवसाची सहल नीट कशी करायची

पोलंडमध्ये क्राकूफला फिरायला आलेली मराठी कुटुंबं एक सहल हमखास करतात. इथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे आलेले आई-बाबाही करतात. सकाळी निघायचं, तात्रा डोंगरांच्या पायथ्याचं झाकोपाने पाहायचं, गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं आणि रात्री परत. सहल अवघड अजिबात नाही. तरी प्रत्येक हंगामात त्याच तक्रारी कानावर येतात. "कुंडात जेमतेम तासभर मिळाला." "बाबांना आतच सोडलं नाही, बर्म्युडा चालत नाही म्हणे." "रेल्वेनं टेकडीवर गेलो तर चहूकडे पांढरं."

यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ एकच आहे. लोक सहल सकाळपासून आखत जातात, आणि ही सहल संध्याकाळकडून मागे आखायची असते. दिवसभरात मिनिटांवर मोजली जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कुंडातला वेळ. तो आधी पक्का करा आणि उरलेल्या दिवसात बाकीचं बसवा.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

क्राकूफ ते झाकोपाने अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. रस्ता मोकळा असेल तर दोन तास लागतात. शनिवारी सकाळी याच रस्त्याला तीन लागतात, कधी त्याहून जास्त. २०२२ च्या शेवटी वाटेत मोठा बोगदा सुरू झाला, त्याने घाटातला वेळ वाचला. पण पुढे नोवी तार्गपासून झाकोपानेपर्यंतचा पट्टा गर्दीच्या दिवशी तुंबतोच. म्हणून मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा.

टाळायचे दिवस असे :

- नाताळ ते नववर्षाचा आठवडा. अख्खा पोलंड झाकोपानेत असतो.
- जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत शाळांच्या हिवाळी सुट्ट्या असतात. प्रांतांना त्या पाळीपाळीने मिळतात, त्यामुळे गर्दी हटतच नाही. याच काळात जायचं असेल तर निदान शनिवार-रविवार तरी सोडा.
- १ ते ३ मेची जोडून आलेली सुट्टी आणि १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस.

१५ ऑगस्टला आपल्याकडेही सुट्टी असते, म्हणून भारतातून येणारे नेमके तेच दिवस पकडतात. इथेही त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, हे त्यांना इथे आल्यावर कळतं.

डिसेंबरात आणखी एक गणित आहे. सूर्य दुपारी पावणेचारच्या आसपास मावळतो. त्या महिन्यात डोंगर पाहायचा तर दोनच्या आत वर असायला हवं.

तपासा : झाकोपानेतल्या गुबावुफ्का टेकडीवर जाणारी, दोराने ओढली जाणारी रेल्वे वर्षातून काही दिवस देखभालीसाठी बंद असते, बहुधा गर्दीचे हंगाम नसतात तेव्हा. तुमची तारीख त्या दिवसांत येते का, हे तिच्या संकेतस्थळावर आधीच बघा. सहल विकणारा हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नका.

२. बुकिंग : किंमत सगळ्यात शेवटी बघा

संकेतस्थळांवर या सहली डझनांनी दिसतात आणि फोटो सगळ्यांचे तेच. फरक बारीक अक्षरांत असतो. तो या क्रमाने वाचा.

*(अ) कुंडात किती तास?* दोन, अडीच की तीन? दोन तासांची सहल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कारण नवव्या टप्प्यात कळेल. अडीच तास हे किमान माप. लहान मुलं किंवा लांब केसांच्या दोन-तीन बायका बरोबर असतील तर तीन.

*(आ) कुंडाचं तिकीट किमतीत धरलंय का?* "कुंडांना भेट" असं लिहिलेलं असतं आणि तिकीट दारात काढायचं असतं. गर्दीच्या दिवशी त्या रांगेत तुमचाच वेळ जातो.

*(इ) कुठली कुंडं?* झाकोपानेच्या परिसरात अशी बरीच संकुलं आहेत. क्राकूफच्या सहली बहुतेक होहोवुफ गावच्या संकुलात नेतात. तिथे जागा भरपूर आहे, कुंडं पुष्कळ आहेत आणि मुलांसाठी वेगळा भाग आहे. ब्यावका तात्झान्स्का इथल्या बान्या संकुलात गोंगाटाचा आणि शांततेचा असे दोन भाग केलेत, म्हणून ज्येष्ठ मंडळींना ते बरं पडतं. बुकोविनाचं संकुल डोंगरासमोर आहे. श्याफ्लारीतही कुंडं आहेत आणि ती क्राकूफच्या बाजूला असल्याने परतीचा रस्ता थोडा कमी होतो. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी होहोवुफच सुचवेन.

*(ई) गाईड म्हणजे नक्की कोण?* अनेक स्वस्त सहलींत गाईड आणि ड्रायव्हर एकच माणूस असतो. गाडीत पडद्यावर माहितीपट लावला जातो आणि उतरल्यावर "इतक्या वाजता इथे या" एवढंच सांगितलं जातं. त्यात फसवणूक काही नाही, पण बरोबर चालणारा माणूस तुम्हाला हवा असेल तर "सोबत गाईड असतो का, की फक्त ड्रायव्हर?" असं लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

*(उ) लहान मुलांची सीट.* पोलंडमध्ये दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बालआसन लागतं. मुलाचं वय, उंची आणि वजन बुकिंगच्या वेळीच कळवा. सकाळी गाडीच्या दारात सांगितलंत तर ड्रायव्हर हात वर करतो, आणि नियम त्याच्या बाजूने असतो.

सावधान : "मी पाण्यात उतरणार नाही, नुसती बसेन" असं म्हणणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात. न उतरणाऱ्यासाठी तिकीट वगळता येतं, पण मग ते अडीच तास प्रवेशदालनात किंवा उपाहारगृहात काढावे लागतात आणि गाईड बरोबर नसतो. आत्यांना घरीच विचारा, पुन्हा एकदा विचारा, आणि मगच तिकिटं काढा.

३. पाण्यात कोणी उतरावं, कोणी नाही

ही कुंडं थंडगार पोहण्याच्या तलावासारखी नसतात. होहोवुफचं पाणी साडेतीन किलोमीटरच्या आसपास खोल विंधणीतून येतं आणि वर येतं तेव्हाच ऐंशी अंशांच्या घरात असतं. ते निववून कुंडांत साधारण ३० ते ३८ अंशांवर ठेवतात. ऐकायला हे कोमट वाटतं. पण ३७ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलं की शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येतो. झटकन उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती यामुळेच.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, हृदयविकार असेल, गरोदरपण असेल किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हे काम भारतातून निघतानाच उरका. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पायाला जखम नाही ना, हे आदल्या रात्री नीट पाहावं. ताप, जुलाब, उघडी जखम किंवा त्वचेचा चालू संसर्ग असेल तर पाण्यात उतरूच नये.

४. पिशवी आदल्या रात्री भरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

*पोहण्याचा पोशाख.* कापड पोहण्याचंच हवं, म्हणजे नायलॉन-लायक्रासारखं. सुती टी-शर्ट, सुती लेगिंग्ज, कुर्ती, आतले कपडे, खिसेवाली बर्म्युडा यातलं काहीच चालत नाही. पुरुषांनी अंगाबरोबर बसणारी पोहण्याची चड्डी घ्यावी. गुडघ्याखाली लोंबणाऱ्या ढगळ चड्डीवरून दारात वाद होतो आणि त्या वादात आपण जिंकत नाही. अंग झाकणारा पोशाख हवा असलेल्या बायकांनी लांब बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा पोहण्याच्या कापडाचाच संच घ्यावा. कापड योग्य असेल तर तो सहसा चालतो, तरी ज्या संकुलात जाणार त्याची नियमावली आधी वाचा किंवा सहलवाल्याला पोशाखाचा फोटो पाठवून विचारा.

पोशाख घरूनच आणा. "क्राकूफला घेऊ" म्हणून येणारे रविवारी अडकतात, कारण पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात.

*टॉवेल.* तिकिटात बहुधा नसतो. भाड्याने मिळतो, पण त्यासाठी वेगळी रांग आणि वेगळे पैसे. माणशी दोन घ्या. एक कुंडाजवळ ठेवायला आणि दुसरा शेवटी कोरडं व्हायला. पातळ पंचा आणलात तर पिशवी हलकी राहते आणि तो वाळतोही लवकर.

*रबरी चपला.* लागतातच. ओल्या फरशीवर अनवाणी चालताना घसरून मनगट मोडून घेण्यासाठी कोणी इतक्या लांब येत नाही.

*दागिने.* मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, चांदीची साखळी हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघा. गंधकाचा अंश असलेल्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी तर तासाभरात अशी दिसतात की चुलीतून काढल्यासारखी. पुसून जातं ते, पण तो काळा थर काढता काढता नक्षीही झिजते. बोटात घट्ट बसलेली जोडवी आदल्या रात्री साबण लावून काढा. कपडे बदलायच्या खोलीत वाकून ओढाताण करण्यात दहा मिनिटं जातात.

*बाकी :* पाण्याची बाटली, साबण आणि शाम्पू, केसांना रबर, ओले कपडे ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी, लोकरी टोपी (उन्हाळा सोडून कायम), रोजच्या गोळ्या, पासपोर्ट, बाळासाठी पोहण्याचा डायपर. साधा डायपर पाण्यात फुगतो आणि चालत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा घालावा. लेन्स लावून कुंडात उतरणं डोळ्यांसाठी धोक्याचं आहे.

*पैसे.* पोलंडमध्ये युरो चालत नाही, झ्लॉटी लागतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी आणि चीजच्या टपरीसाठी सुटी नाणी ठेवा. कार्डाच्या यंत्राने "रुपयांत की झ्लॉटीत?" असं विचारलं तर झ्लॉटी निवडा. रुपये निवडले की मधला दलाल आपला दर लावतो.

सावधान : त्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावू नका. नंतर पाण्यात तवंग दिसला की शेजारचा माणूस सुरक्षारक्षकाकडे बोट करतो आणि पुढचं संभाषण पोलिशमध्ये होतं.

५. सकाळ : गाडी पकडणं

निघण्याची वेळ बहुधा आठ ते नऊच्या दरम्यान असते. क्राकूफच्या जुन्या शहरात मोठ्या गाड्यांना मनाई आहे. त्यामुळे "हॉटेलवरून घेऊ" असं लिहिलेलं असलं तरी गाडी जवळच्या कोपऱ्यावर येते. नेमकी जागा आदल्या संध्याकाळी फोनवर आलेल्या संदेशात असते. तो वाचा आणि तिथे एकदा चालत जाऊन या. एकाच चौकात तीन-चार कंपन्यांच्या सारख्याच पांढऱ्या गाड्या उभ्या असतात. नुसतं "झाकोपाने?" असं विचारून चढू नका, सगळ्याच झाकोपानेला जातात. कंपनीचं नाव आणि बुकिंगवरचं आपलं नाव जुळवा.

नाश्ता पोटभर करा. दुपारचं जेवण एकला होईल असं वेळापत्रकात छापलेलं असतं, प्रत्यक्षात ते दोनकडे सरकतं.

तपासा : गाडीत बसल्यावर गाईडला तीन गोष्टी विचारा. कुंडात आपण किती वाजता पोचणार, किती वाजता निघणार, आणि आज डोंगरावर कसं हवामान आहे? आधी वर जाणं शक्य आहे का, हाही प्रश्न याच वेळी टाका. लहान गटात गाईड क्रम बदलू शकतो, पण गाडी झाकोपानेत शिरल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो.

६. होहोवुफची लाकडी घरं आणि चीजची झोपडी

वाटेतल्या या थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. अख्खे ओंडके एकावर एक रचून बांधलेली घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभी आहेत. ती लोकांची राहती घरं आहेत. फोटो रस्त्यावरून काढा, अंगणात शिरू नका.

पुढे मेंढपाळाच्या झोपडीत ओस्त्सिपेक या धुरावलेल्या चीजची चव देतात. झोपडीत खरोखर धूर असतो. दम्याच्या माणसाने दारातच थांबावं.

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं : हे चीज परंपरेने वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणद्रव्याने घट्ट करतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी चव घेऊ नये. अस्सल ओस्त्सिपेक चातीसारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो. वजन ६०० ते ८०० ग्रॅम, निम्म्याहून जास्त दूध मेंढीचं, आणि मेंढ्या दूध देतात तेव्हाच, म्हणजे मे ते सप्टेंबरच्या सुमारास, तो बनतो. २००८ पासून हे नाव युरोपात संरक्षित आहे. जानेवारीत टपरीवर हातभर रांगेत मांडलेले मुठीएवढे सोनेरी तुकडे बहुतेक गाईच्या दुधाचे असतात. चवीला वाईट नसतात, फक्त अस्सल म्हणून जास्त पैसे मोजू नका.

सावधान : चीजबरोबर छोट्या पेल्यात व्होडका किंवा फळांची दारू पुढे येते. कुंडाला अजून बराच वेळ असला तरी पहिल्यावरच थांबा. दारू आणि गरम पाणी दोन्ही रक्तदाब खाली आणतात.

७. गुबावुफ्का : डोंगर आधी, बाजार नंतर

झाकोपानेत उतरल्यावर लोक मुख्य बाजाररस्त्यावर, म्हणजे क्रुपुफ्कीवर, रेंगाळतात आणि टेकडी मागे राहते. उलटं करा. टेकडीची रेल्वे बाजाराच्या खालच्या टोकाला आहे. तिथे थेट चालत जा, दुकानांकडे येताना बघा.

रेल्वेला वर जायला चार मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो रांगेत. तिकीट सहलीत असेल तर गाईडकडून हातात घ्या आणि ते जाण्या-येण्याचं आहे का ते पाहा. तसं असेल तर वर गेल्यावर फेकू नका, परत येताना तेच दाखवायचं असतं.

वरची जागा ११०० मीटरहून थोडी उंच आहे. समोर तात्राची रांग दिसते आणि त्यात गिएवॉन्तचं शिखर. निजलेल्या माणसाचा चेहरा वाटावा असा त्याचा आकार आहे, माथ्यावर लोखंडी क्रूस. डोंगर दक्षिणेला असल्याने हिवाळ्यात भर दुपारी सूर्य समोर येतो आणि फोटोत डोंगर काळा पडतो. अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर डोंगरावर बोट ठेवा म्हणजे उजेड त्याप्रमाणे जुळतो, किंवा माणसांचे फोटो उलट्या दिशेला तोंड करून काढा.

वर पाऊण तास पुरे. टपऱ्यांची रांग लांबवर जाते आणि तिच्यात नवं काहीच नसतं.

तपासा : निघण्याआधी फोनवर टेकडीवरचा थेट कॅमेरा पाहा. गावात धुकं आणि वर लख्ख ऊन, असं हिवाळ्यात पुष्कळदा होतं, तेव्हा खालचं पाहून बेत रद्द करू नका. पण कॅमेऱ्यातही पांढरंच दिसत असेल तर वर जाऊन डोंगर दिसणार नाही. तो वेळ जेवणाला द्या.

८. जेवण : कुंडाआधी दीड तास, आणि हलकं

क्रुपुफ्कीवर खाण्याची ठिकाणं शेकड्याने आहेत, पण पदार्थांच्या यादीवर मांसाचंच राज्य आहे. शाकाहारी माणसाने काय मागायचं :

- बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या पिएरोगी. यादीत त्यांचं नाव "रुस्किए" असतं. त्यावर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे भुरभुरण्याची पद्धत आहे, म्हणून मागतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा.
- मोस्कोल, म्हणजे बटाट्याची जाड भाकरी, लसणाच्या लोण्याबरोबर. थालीपिठाच्या जवळ जाणारा इथला हाच पदार्थ. मुलं खातात.
- बटाट्याचे तळलेले पॅनकेक. वर मांसाचा रस्सा नको, हे सांगा.

क्वाश्नित्सा हे आंबवलेल्या कोबीचं सूप नावावरून शाकाहारी वाटतं. ते नसतं, त्यात मांस असतं. झुरेक या आंबवलेल्या पिठाच्या सूपचंही तेच. शंका आली तर "बेझ मिएन्सा?" म्हणजे "बिनमांसाचं?" असं विचारा.

घरून आणलेले ठेपले, चिवडा बाकावर बसून खाऊन घ्या. कुंडाच्या संकुलात बाहेरचं खाणं चालत नाही.

बाजारात पांढऱ्या अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस मुलांना मिठी मारायला येतो. फोटो काढलात की पैसे मागतो. काढायचा असेल तर आधी भाव विचारा.

९. कुंडात प्रवेश : घड्याळ इथून सुरू होतं

आता महत्त्वाचं. प्रवेशाच्या वेळी मनगटावर एक पट्टा मिळतो. तो तुमचं तिकीट, कपाटाची किल्ली आणि खाण्यापिण्याचा हिशेब, तिन्ही असतो. फिरतं दार ओलांडलं की वेळ सुरू आणि बाहेर येताना परत ओलांडलं की बंद. कपडे बदलणं, अंघोळ, केस वाळवणं सगळं त्यातच. काही संकुलं कपड्यांसाठी थोडी जादा मिनिटं देतात, ते खिडकीवर विचारून घ्या.

हिशेब करा. अडीच तासांतून आत शिरून तयार व्हायला वीस मिनिटं, बाहेर पडायला चाळीस. पाण्यासाठी उरला दीड तास. दोन तासांच्या तिकिटात उरतो तासभर. दुसऱ्या टप्प्यात दोन तासांची सहल नको म्हटलं ते याचसाठी.

क्रम असा ठेवा :

१. फिरतं दार ओलांडण्याआधी बाहेरच्या स्वच्छतागृहात जाऊन या, पाणी प्या, कोणाचा टॉवेल कुणाकडे हे वाटून घ्या. सगळे तयार झाल्यावर एकदमच आत शिरा.

२. आत शिरण्याआधी भेटीची जागा आणि वेळ ठरवा. पाण्यात फोन नसतो. भिंतीवरचं मोठं घड्याळ ज्या कुंडाजवळ दिसतं ते कुंड धरा. "दर अर्ध्या तासाने घड्याळाखाली" हा नियम आजीलाही पाठ होतो.

३. कपाटाचा क्रमांक लक्षात ठेवा. पट्ट्यावर तो लिहिलेला असेलच असं नाही. एकाच कुटुंबाची कपाटं एकमेकांपासून लांब येऊ शकतात.

४. पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची आहे. इथली बरीच माणसं ती कपड्यांविना, आडोसा न शोधता करतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. संकोच वाटला तर कडेची आडोशाची जागा शोधा. पोशाख घालून वरवर पाणी ओतून निघू नका.

५. टॉवेल आणि चपला एकाच खुंटीखाली ठेवा. सगळ्यांचे टॉवेल पांढरे असतात, म्हणून आपला रंगीत आणलेला बरा.

सावधान : सौना विभाग वेगळा असतो, त्याचं तिकीटही बहुधा वेगळं. पोलंडमधल्या अनेक सौनांत पोहण्याचा पोशाख घालून बसायला परवानगी नसते, टॉवेल गुंडाळून बसतात, आणि स्त्री-पुरुष एकत्र असतात. दारावरचा फलक वाचल्याशिवाय उत्सुकतेने दार ढकलू नका.

१०. पाण्यात

आधी कमी गरम कुंड, मग जास्त गरम. एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं, नंतर बाहेर येऊन दहा मिनिटं बसणं, दोन घोट पाणी. असे तीन फेरे दीड तासात बसतात. सलग तासभर गरम पाण्यात बसणाऱ्याला शेवटी उठवत नाही, आणि गाडीत डोकं दुखतं.

बाहेरच्या, आकाशाखालच्या कुंडात जायला बऱ्याच ठिकाणी आतल्या कुंडातूनच पाण्याची वाट असते. प्लास्टिकचे पडदे बाजूला सारायचे आणि गळाभर पाण्यातून बाहेर पडायचं. हिवाळ्यात दार उघडून बर्फावरून पळत जाण्याची गरज नसते. ही वाट माहीत नसलेली माणसं दाराकडे धावताना दिसतात. बाहेर थंडी उणे पाच-सहा असेल तर केसांवर दव गोठून पांढरं होतं. कान झाकायला टोपी घालून बसलात तरी चालतं.

पोहता येत नसेल तरी बहुतेक कुंडांत पाणी छातीपर्यंतच असतं. तरीही प्रत्येक कुंडाच्या काठावरचा खोलीचा आकडा बघून उतरा. मुलांपासून हाताच्या अंतरावर राहा. जिथे बुडबुड्यांचे झोत सुरू होतात तिथे लहान मूल तोल जाऊन पडतं, आणि फेसात दिसत नाही.

गरगरलं, मळमळलं किंवा छातीत धडधडलं तर लगेच काठावर या, पाय पसरून बसा, जीवरक्षकाला हाक मारा. आणीबाणीचा फोन ११२.

११. बाहेर पडणं आणि परतीची गाडी

वेळ संपायला चाळीस मिनिटं उरली की पाण्यातून बाहेर. "अजून पाच मिनिटं" म्हणणारा कुटुंबात एक असतोच, त्याला सगळ्यात आधी काढा. केस वाळवायची यंत्रं थोडी आणि रांग मोठी, म्हणून लांब केसांच्या बायकांनी आणखी दहा मिनिटं आधी निघावं. थंडीत ओल्या केसांनी गाडीपर्यंत चालत जाणं टाळा, टोपी त्यासाठीच आणली होती.

पट्ट्यावर खाण्यापिण्याचे पैसे असतील तर फिरत्या दाराआधी भरा. वेळ ओलांडली तर जादा पैसे लागतात आणि ते तिथेच द्यावे लागतात. पट्टा हरवल्यास दंड आहे, म्हणून मुलांचे पट्टे पाण्यातून निघाल्याबरोबर मोठ्यांनी ताब्यात घ्यावेत.

गाडी कुणासाठी थांबत नाही, आणि थांबू नये अशीच बाकीच्यांची इच्छा असते. निघण्याच्या वेळेआधी दहा मिनिटं पार्किंगमध्ये असा. कपाटात काही राहिलं का, हे दुसऱ्याच माणसाने बघावं. चष्मे आणि चार्जर सगळ्यात जास्त राहतात.

गाडीत पाणी पीत राहा, कुंडात घाम जातो तो कळत नाही. क्राकूफला पोचायला आठ वाजतील असं धरून रात्रीचं जेवण ठरवा. शनिवार असेल तर नऊ.

हॉटेलवर पोचल्यावर ओले पोशाख लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्या. रेडिएटरवर टाकू नका, लायक्रा उष्णतेने सैल पडतो. खुर्चीच्या पाठीवर टाकलेले सकाळपर्यंत वाळतात.